पार्किंगमधलं झाड जगवायचं तर खड्डा नीट करा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावलेलं रोप मरतं, तेव्हा पाणी कमी पडलं असं सगळे म्हणतात. मुंबईत खरं कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. पेव्हर ब्लॉकखाली कच म्हणजे दगडाची भुकटी, त्याखाली रोलरने दाबलेला भराव, त्याखाली विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं. मुळांना शिरायला फटही नसते.

खोदण्याआधी खाली पाण्याची टाकी, ड्रेनेज, केबल किंवा तळघराचा स्लॅब नाही ना, हे नकाशावर बघून घ्या. स्लॅबवर मोठं झाड लावूच नका. भिंतीपासून 3 मीटर आणि पाइपपासून 2 मीटर अंतर सोडा.

खड्डा 1 मीटर लांब, रुंद आणि खोल हवा. निघालेलं डेब्रिज परत आत ढकलू नका. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, रोपाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. असं पान दिसलं की खत वाढवून उपयोग नाही, दोष मातीत आहे. खड्ड्यात फूटभर पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल, तर तळ पहारीने फोडा. तरीही निचरा झाला नाही, तर जागा बदला.

भरायला दोन घमेली लाल मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं जाड रेती हे प्रमाण धरा. शिवाय खड्ड्यामागे अर्धा किलो निंबोळी पेंड घाला. थराथराने भरून पायाने हलकं दाबा.

ताम्हण, बकुळ, करंज, सीता अशोक यांपैकी निवडा. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला उंडी किंवा भेंड चांगली. गाड्यांवर नारळ नको, जांभूळही नको: त्याचे डाग रंगावर बसतात. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. वड-पिंपळ मैदानात शोभतात, इथे नाही.

सहा ते आठ फुटांचं रोप घ्या. पिशवी पूर्ण कापून काढा. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील, तर धारदार सुरीने तीन-चार उभे छेद द्या. नाहीतर ती तशीच गोल वाढत राहतात आणि काही वर्षांनी खोडालाच आवळतात. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच पुरा. दोन बांबू रोवून सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल बांधा आणि वर्षभराने सोडा.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलै. पावसाळ्यात बुंध्याभोवती मातीची चढण ठेवा, पाणी तुंबू देऊ नका. ऑक्टोबरमध्ये तीच माती ओढून आळं करा, वर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड 15-20 लिटर पाणी.

चाकांसाठी खड्ड्यापासून पाऊण मीटर आधी काँक्रीटचा अडथळा बसवा. मागे येणाऱ्या गाडीचा बंपर चाकांच्या बराच पुढे असतो, आणि एका धक्क्यात कोवळी साल सोलून निघते. खड्ड्याभोवती कठडा बांधलात, तर त्याला खाच ठेवा, म्हणजे फरशीवरचं पावसाचं पाणी आत येईल. झाड मोठं झाल्यावर फांद्या छाटायच्या असतील, तर आधी पालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात खासगी जागेतली झाडंही येतात.