या चुका टाळा : एकट्याने ट्रेडिंग करताना शिस्त कुठे मोडते

ट्रेडिंगमधल्या शिस्तीचा विषय निघाला की लोक मनावर ताबा ठेवायला सांगतात. सल्ला चुकीचा नाही, पण मार्केट चालू असताना फारसा कामाचाही नाही. बँकेच्या ट्रेडिंग डेस्कवर बसणारा माणूसही तुमच्याइतकाच लोभी आणि तुमच्याइतकाच भित्रा असतो. त्याने मर्यादा ओलांडली की सिस्टीम ऑर्डर घेत नाही, आणि तोटा ठरावीक आकड्यापुढे गेला की रिस्क मॅनेजर त्याला पोझिशन (हातातला चालू सौदा) कापायला लावतो. स्वतंत्र ट्रेडरला असं अडवणारं कुणी नसतं. ट्रेड घेणारा तोच, हिशेब तपासणारा तोच आणि स्वतःला माफ करणाराही तोच.

सौदे करणं आणि ते तपासणं ही दोन्ही कामं एका हातात गेली की काय होतं, ते १९९५ मध्ये जगाने पाहिलं. बेअरिंग्ज ही ब्रिटनमधली दोनशेहून अधिक वर्षं जुनी बँक. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात निक लीसन सौदेही करायचा आणि त्यांचं सेटलमेंटही, म्हणजे सौद्यांचा हिशेब पुरा करण्याचं कामही, त्याच्याच ताब्यात होतं. तोटे त्याने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवले आणि ते भरून काढायला पोझिशन वाढवत नेली. तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला आणि बँक बुडाली. पुढे ती अवघ्या १ पौंडाला विकली गेली. तुमचं खातं लहान असेल, पण अडवणारा नसण्याची अडचण तीच आहे. म्हणून इथले बहुतेक उपाय एकाच प्रकारचे आहेत : निर्णय मार्केट बंद असताना घ्या आणि मार्केट चालू असताना तो बदलणं स्वतःलाच अवघड करून ठेवा.

स्टॉपलॉस सरकवणं

सगळ्यात महागडी चूक ही. स्टॉपलॉस म्हणजे तोटा वाढू नये म्हणून बाहेर पडायचा आधीच ठरवलेला भाव. ५०० ला एंट्री, ४९० ला स्टॉपलॉस. भाव ४९१ ला येतो तेव्हा वाटतं, थोडी जागा देऊ, ४८६ ला सपोर्ट (घसरण थांबेल अशी पातळी) दिसतोय. ४८६ तुटतो. ४८० ला ‘आता विकून काय उपयोग’ असं वाटू लागतं आणि संध्याकाळपर्यंत इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायच्या) ट्रेडची ‘लाँग टर्म इन्व्हेस्टमेंट’ झालेली असते. वर ‘अ‍ॅव्हरेज’ करायला, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणायला, आणखी क्वांटिटी घेतली की झालंच. तोट्यातली पोझिशन धरून ठेवायची आणि नफ्यातली घाईने विकायची, या सवयीला हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये डिस्पोझिशन इफेक्ट असं नाव दिलं. म्हणजे तुमच्या एकट्याच्या स्वभावाचा हा दोष नाही, तेव्हा स्वभाव बदलायची वाट पाहू नका.

‘मनातला स्टॉपलॉस’ हा स्टॉपलॉस नसतो. एंट्रीबरोबरच ऑर्डर सिस्टीममध्ये टाका आणि ती फक्त नफ्याच्या दिशेनेच सरकवायची असा नियम करा. मात्र तो भाव मिळेलच अशी हमी नसते. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक सोडली, तेव्हा अनेकांच्या स्टॉप ऑर्डर ठरवलेल्या भावापासून कितीतरी लांब पूर्ण झाल्या आणि काही खाती उणे शिल्लकीत गेली. त्यामुळे रात्रभर किंवा मोठ्या घोषणेच्या वेळी पोझिशन ठेवायची असेल तर क्वांटिटीच कमी ठेवा.

क्वांटिटी अंदाजाने ठरवणं

‘सेटअप एकदम भारी आहे, डबल घेतो.’ सेटअप म्हणजे ट्रेड घ्यायला जुळून आलेली स्थिती. हे वाक्य मनात आलं की थांबा. क्वांटिटी गणितातून येऊ द्या. भांडवल ५,००,००० आणि एका ट्रेडमध्ये १ टक्का जोखीम, म्हणजे ५,०००. एंट्री ५०० आणि स्टॉपलॉस ४९०, म्हणजे एका शेअरमागे १० ची जोखीम. क्वांटिटी ५००. सेटअप कितीही भारी वाटला तरी ५००च.

दर ट्रेडला उरलेल्या भांडवलाच्या १ टक्का जोखीम घेतली, तर सलग १० तोट्यांनंतर सुमारे ९० टक्के भांडवल शिल्लक राहतं. ५ टक्के घेतली तर सुमारे ६० टक्के उरतं, आणि मूळ रकमेवर परत यायला ६७ टक्के नफा लागतो. सलग तोटे फारसे दुर्मीळही नसतात. निम्मे ट्रेड यशस्वी होणारी पद्धत असेल, तरी १०० ट्रेडमध्ये कुठेतरी सलग ५ तोटे येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. पाचवा स्टॉपलॉस हिट झाला म्हणून इंडिकेटर (भावावरून संकेत देणारं साधन) बदलणारे लोक दर महिन्याला नवी पद्धत शिकत बसतात ते यामुळेच.

तोटा आजच भरून काढायचा हट्ट

इथे उपदेशाचा उपयोग शून्य. दोन स्टॉपलॉस गेल्यावर डोकं तापलेलं असतं आणि तापलेल्या डोक्याला चार्टवरच्या प्रत्येक कँडलमध्ये ब्रेकआउट (भावाची मोठी उसळी) दिसतो. दिवसाची तोट्याची मर्यादा आधीच ठरवा, समजा २ टक्के, आणि ती गाठली की टर्मिनल बंद. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये दिवसापुरतं ट्रेडिंग बंद करायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर ट्रेडिंग खात्यात लागतील तेवढेच पैसे ठेवा, म्हणजे रागाच्या भरात पोझिशन वाढवायला मार्जिनच (सौद्यासाठी लागणारी अनामत) उरणार नाही. मोठ्या नफ्यानंतरचा दिवसही असाच धोक्याचा असतो. त्या दिवशी क्वांटिटी वाढवायची नाही, एवढं पुरे.

बसलोय म्हणून ट्रेड घेणं

ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडियन यांनी अमेरिकेतल्या ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ या काळातली खाती तपासली आणि निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध केले. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला, बाजाराने दिला होता १७.९ टक्के. फरक खाल्ला तो मुख्यतः व्यवहारांच्या खर्चाने. तेव्हाचं कमिशन आजच्यापेक्षा जास्त होतं हे खरं, पण आजही स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक), स्लिपेज (ठरवलेल्यापेक्षा वाईट भाव मिळणं) आणि कर चुकत नाहीत. दिवसाला किती ट्रेड घ्यायचे ते सकाळीच ठरवा. घरखर्चाचे पैसे खात्यात असतील तर रोज काहीतरी कमवायलाच हवं असं वाटत राहतं, तेव्हा ते आधी काढून घ्या.

जर्नलमध्ये फक्त नफातोटा लिहिणं

जर्नल म्हणजे ट्रेडची नोंदवही. नुसत्या रकमेवरून ट्रेड बरा की वाईट ते कळत नाही. स्टॉपलॉस न लावता नशिबाने नफा झाला, तर जर्नलमध्ये तो हिरवा दिसतो आणि वाईट सवय पक्की करतो. ट्रेड घेण्याआधी एंट्रीचं कारण, स्टॉपलॉस आणि क्वांटिटी लिहा. संपल्यावर एकच रकाना भरा : नियम पाळला, होय की नाही. ‘नाही’ असलेला नफा चुकांमध्येच मोजा. महिन्याच्या शेवटी ‘होय’ आणि ‘नाही’ ट्रेडची बेरीज वेगवेगळी करा. ‘होय’ची बेरीज उणे असेल तर दोष पद्धतीत आहे आणि शिस्त वाढवून तो जाणार नाही. ‘होय’ अधिक आणि ‘नाही’ उणे असेल, तर पद्धतीला हात लावू नका. पुढचे २० ट्रेड निम्म्या क्वांटिटीने घ्या, आणि वीसच्या वीस ‘होय’च्या रकान्यात आले तरच पूर्ण क्वांटिटीवर परत या. मध्ये एक जरी ‘नाही’ आला तर मोजणी पुन्हा एकपासून.