‘डॅमेज’ हे क्रियापद कुठे वापरावे, कुठे टाळावे

इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या सहवासामुळे ‘खराब’ या एकाच शब्दावर पुष्कळ भागते. दूध खराब होते, मोबाइल खराब होतो, तब्येतही खराब होते. इंग्रजीत लिहिताना मात्र या सर्वांसाठी ‘डॅमेज’ चालत नाही.

हे क्रियापद योजण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: नुकसान आग, पाणी, धक्का किंवा हयगय अशा एखाद्या कारणाने झाले आहे काय, आणि वस्तूचे मोल वा उपयोग घटला तरी ती वस्तू शिल्लक आहे काय. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीने इंदूरच्या आपल्या राजवाड्याची मोठी हानी झाली, पण सात मजली दर्शनी भाग उभा राहिला. म्हणून तेथे ‘द फायर डॅमेज्ड द राजवाडा’ हे योग्य ठरते आणि ‘डिस्ट्रॉइड’ म्हणणे अतिशयोक्तीचे होते. दूध नासले, तर ‘स्पॉइल्ड’ म्हणावे. मोबाइल आपोआप बंद पडला असेल, तर ‘इजन्ट वर्किंग’ पुरेसे आहे. पडून काच तडकली असेल, तरच तो ‘डॅमेज्ड’.

माणसाच्या बाबतीत अधिक जपावे लागते. अपघातात माणूस ‘इंजर्ड’ होतो, मन ‘हर्ट’ होते. परंतु यकृत, श्रवणशक्ती आणि प्रतिष्ठा यांना ‘डॅमेज’ लागू पडते. एखाद्या व्यक्तीला सरळ ‘डॅमेज्ड’ म्हटले, तर तिचे मन कायमचे मोडून गेले आहे असा बोचरा अर्थ निघतो, आणि तो बहुधा लिहिणाऱ्याच्या मनात नसतो.

व्याकरणात नाम आणि क्रियापद यांची गल्लत फार होते. क्रियापदानंतर कर्म थेट येते: ‘द रेन डॅमेज्ड द वॉल’. नामानंतर मात्र ‘टू’ लागतो, ‘ऑफ’ नव्हे. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीविषयीच्या १९८४ च्याच केंद्रीय कायद्याचे नाव लक्षात ठेवले, तर ही चूक होणार नाही: ‘प्रिव्हेन्शन ऑफ डॅमेज टू पब्लिक प्रॉपर्टी ॲक्ट’.

नुकसान कितीही मोठे असले, तरी ते नाम एकवचनीच राहते. ‘डॅमेजेस’ हे अनेकवचन कायद्याच्या भाषेत नुकसानभरपाईची रक्कम दाखवते. त्यामुळे तक्रारअर्जात ‘द डॅमेजेस टू माय फ्रिज’ असे लिहिणारा नकळत भलत्याच गोष्टीविषयी बोलू लागतो. ‘वॉटर डॅमेजेस वुड’ या वाक्यातील ‘डॅमेजेस’ मात्र निर्दोष आहे, कारण तेथे ते वर्तमानकाळी क्रियापद आहे.

उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर द्यावा आणि शेवट ‘मेज’पेक्षा ‘मिज’कडे झुकू द्यावा. मित्रमंडळींत जेवणानंतर ‘व्हॉट्स द डॅमेज?’ असे कोणी विचारले, तर तो फक्त बिल किती झाले, एवढेच विचारत असतो. कार्यालयीन पत्रात हा प्रयोग करू नये.