जुन्या सेडानची ‘पडद्यावरची गाडी’ करताय? कोकणात या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक गाडी विकत घेतानाच होते. ‘नाइट रायडर’ या अमेरिकी मालिकेतली काळी, बोलणारी गाडी ‘किट’ करायची ठरतं आणि कुणाच्या तरी अंगणात पडलेली, स्वस्तात मिळेल ती सेडान उचलून आणली जाते. आधी टेप घेऊन जा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, एकदा मोजा. बाकी सगळं कमीजास्त करता येतं, हे नाही. किट म्हणजे १९८२ची पाँटिअॅक फायरबर्ड ट्रान्स अॅम, व्हीलबेस २५६५ मिमी. आपल्या कॉन्टेसाचा २६६७. दहा सेंटिमीटरचा हा फरक बॉनेट आणि बंपरच्या आकारात जिरवता येतो. पण ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ मालिकेतली १९६९ची डॉज चार्जर २९७२ मिमीची. आखूड पद्मिनीवर तिचं कवच चढवलंत तर चाकं कमानीच्या बाहेरच दिसणार.

माझं स्पष्ट मत: हातात सेडान असेल तर मुळात सेडानच असलेली गाडी निवडा. ‘ब्लूज ब्रदर्स’ सिनेमातली १९७४ची डॉज मोनॅको चार दारांचीच होती. लोकांना मात्र दोन दारांचंच वेड. मग मागची दारं वेल्डिंगने बंद करून फटीवर पुट्टी ओढली जाते आणि पहिल्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर तिथे उभी चीर पडते, कारण दार आणि खांब वेगवेगळे हलतात. दार नुसतं टाके मारून बसवलेलं असतं, तेच मूळ दुखणं. वर कितीही पुट्टी भरा, चीर परत येणारच. त्यापेक्षा हँडल काढून फट तशीच ठेवा आणि वरून एक सलग फायबरचं पॅनेल बसवा.

छप्पर कापून गाडी बुटकी करण्याच्या नादी लागू नका. दारांच्या काचा टफन्ड असतात. त्या कापता येत नाहीत, कापायला गेलात तर चुरा हातात येतो. शिवाय पद्मिनी काय, अँबॅसडर काय, यांना वेगळी चॅसिस नाही. छप्पर, खांब आणि दाराखालचा उंबरा मिळूनच सांगाडा होतो. ‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमातल्या डिलोरियनसारखी वर उघडणारी दारं हवीत म्हणून छपराची कड कापली की जॅकवर चढवल्यावर गाडी मधून वाकते. मूळ डिलोरियनच्या दारांना पीळ दिलेल्या खास पोलादी दांड्या होत्या. डिकीचे गॅस शॉक लावून ते काम भागत नाही. दशावतारातला नट रंग लावतो, मुकुट चढवतो, हाडं कापून घेत नाही. आपणही तेवढंच करावं: सांगाडा शाबूत, वरचं सोंग नटबोल्टवर निघणारं.

फायबरचं काम

या कामाला शहरातून कुणी आणायची गरज नाही. मिरकरवाडा, हर्णै, मालवण इकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत आणि साचा कसा काढायचा हे गणपतीच्या शाळेतल्या मूर्तिकाराला विचारा. चूक होते ती घाईत. थर्मोकोल कोरून आकार करतात आणि त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावतात. रेझिनमधल्या स्टायरिनने थर्मोकोल विरघळतो आणि चार दिवसांच्या कोरीव कामाचा चिखल होतो. पीयू फोम वापरा, नाहीतर थर्मोकोलवर आधी प्लास्टरचा सलग थर द्या.

दुसरी चूक हंगामाची. जून ते सप्टेंबर रेझिनला हात लावू नका. दमट हवेत मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, ओलावा धरते, थर दुधाळ दिसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. दसऱ्यानंतर शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम, तोही सकाळचं दव उडाल्यावर.

पृष्ठभाग चिकट राहिला तर नख रोवून बघा. वरवरच चिकट असेल तर घाबरू नका. हवेशी संपर्क आला की पॉलिएस्टर तसंच राहतं. अॅसिटोनने पुसून घासा. नख आत गेलं तर मात्र तो थर खरवडूनच काढायचा. म्हणून पुढच्या वेळी हार्डनर दुप्पट ओतायचा नाही: रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के पुरतो, जास्त झाला की माल तापून तडकतो आणि पॅनेल वाकडं होतं. कोबाल्ट (रेझिन लवकर आळवणारं द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र कधीही करू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर शेवटी.

खारी हवा

डिलोरियन स्टेनलेस स्टीलची, म्हणून साध्या पत्र्यावर स्टेनलेसची शीट ठोकणारे भेटतात. खाऱ्या दमट हवेत दोन वेगळे धातू चिकटले की त्यातला एक झिजतो. स्टेनलेसच्या मोठ्या शीटखाली साधा पत्रा कुजतो; पोलादी पत्र्यात अॅल्युमिनियमचा रिबिट मारला तर उलट रिबिटच पांढरा भुगा होऊन पडतो. मध्ये रबर किंवा सीलंट हवंच. होडीला लावतात तशी जस्ताची वडी गाडीला बोल्ट करण्याचाही सल्ला मिळेल. पैसे वाचवा. जस्त सतत पाण्यात बुडालेलं असेल तरच काम करतं.

किटच्या नाकावरचा इकडून तिकडे सरकणारा लाल दिवा, म्हणजे स्कॅनर, मिचमिच करत बंद पडला तर दिवे बदलण्याआधी अर्थची वायर बघा. दहातल्या नऊ वेळा तिथेच हिरवट गंज असतो.

आता आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढे लाल दिवा लावून रस्त्यावर फिरायलाही मनाई आहे. रंग बदलायचा तर आरसी बुकात नोंद करा. बाकी सोंग चढवलेली गाडी मिरवणुकीला टेम्पोवर घालूनच न्या.

पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट आवळू नका. आतून घाम सुटतो आणि पत्रा झाकलेलाच गंजतो. वर पत्र्याची शेड हवी, चारी बाजू मोकळ्या. दारांच्या आणि उंबऱ्याच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती फायबर चढवताना हमखास बुजतात. मिरगाच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा ती तारेने मोकळी करा.