टॅबवर फोटोंसाठी कुठलं ॲप घ्यावं: आधी सांभाळणारं, मग एडिटवालं

आईला टॅब घेतला तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं की सगळे फोटो एका जागी आणि मोठे दिसले पाहिजेत. आता सगळे म्हणजे बाबांच्या जुन्या फोनमधले, तिच्या आत्ताच्या फोनमधले, एका पेनड्राइव्हवरचे, व्हॉट्सॲपवर नातेवाइकांनी पाठवलेले, आणि वर दोन जाड अल्बममधले कागदी फोटो जे स्कॅन करायचे होते, मिळून अकरा हजारांच्या आसपास. मी दोन रविवार त्यात घातले आणि पहिला रविवार वाया गेला कारण मी सुरुवात एडिटिंगच्या ॲप्सपासून केली. त्यामुळे आता कोणी विचारलं की टॅबवर फोटोंसाठी काय टाकू, तर मी आधी हेच सांगते की एडिटिंगचं नंतर बघा, फोटो राहणार कुठे ते आधी ठरवा. एडिटिंगचं ॲप नाही आवडलं तर पाच मिनिटांत काढून दुसरं टाकता येतं, पण दहा हजार फोटो एकदा एका ॲपच्या ताब्यात दिले की परत बाहेर काढताना जीव मेटाकुटीला येतो.

तर पहिलं काम म्हणजे अंदाज घ्या की फोटो किती आणि जागा किती. १२ मेगापिक्सेलचा साधा जेपेग फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे दहा हजार फोटो धरले तर ३० ते ५० जीबी झाले, आणि यात व्हिडिओ धरलेच नाहीयेत. ६४ जीबीचा टॅब असेल तर सिस्टिम आणि बाकीची ॲप्स त्यातलीच जागा खातात, म्हणजे सगळे फोटो टॅबमध्येच ठेवायचा विचार सोडून द्या. आयपॅडला मेमरी कार्ड बसत नाही, अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅब्सना बसतं, सगळ्यांना नाही, म्हणून टॅब अजून घ्यायचा असेल तर दुकानात हे आधी विचारा.

मग क्लाउड आलं, म्हणजे कंपनीने नेटवर दिलेली जागा. गूगलचं १५ जीबी फुकट मिळतं पण ते फक्त फोटोंचं नाही, जीमेल आणि ड्राइव्ह पण त्यातच, आणि आधी जे थोडी क्वालिटी कमी करून कितीही फोटो ठेवता यायचे ते १ जून २०२१ पासून बंद झालंय, तेव्हापासूनचे सगळे फोटो मोजले जातात. ही जागा भरली की नुसते फोटो जायचे थांबत नाहीत, जीमेलवर मेल येणं-जाणं पण अडतं, आणि बँकेच्या, शाळेच्या मेल ज्या अकाउंटवर येतात तिथे हे फार महागात पडतं. म्हणून घरातल्या फोटोंसाठी वेगळं अकाउंट काढलेलं बरं. ॲपलच्या आयक्लाउडवर फुकट ५ जीबीच आहेत, ते एका लग्नातच संपतात.

आता एक गोष्ट जरा थांबून समजून घ्या कारण सगळ्यात जास्त रडारड यावरून होते. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे आरसा, इथे हललं की तिथे हलणार. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली कॉपी, इथलं गेलं तरी ती राहते. गूगल फोटोज स्वतःच्या कामाला बॅकअप म्हणतं, पण डिलीटच्या बाबतीत ते सिंकसारखंच वागतं. माझ्या मावशीने टॅबवर जागा होत नाही म्हणून गोव्याच्या ट्रिपचे दीडशे-दोनशे फोटो डिलीट केले, तिला वाटलं फोनमध्ये आहेतच की, आणि दुसऱ्या दिवशी फोनमधूनही गेलेले. आम्हाला ते कचऱ्याच्या पेटीत मिळाले कारण तिने लगेच फोन केला. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस राहतात, ॲपलच्या फोटोजमध्ये ३० दिवस, त्यानंतर कायमचे जातात. टॅबवरची जागाच मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे, जागा मोकळी करा म्हणून, ते फक्त बॅकअप झालेले फोटो टॅबवरून काढतं आणि क्लाउडवर ठेवतं. डिलीटचं बटण त्यासाठी वापरायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा हातात टॅब देऊन दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

सांभाळायचं ॲप निवडताना मी जास्त डोकं लावत नाही. घरात सगळ्यांकडे आयफोन-आयपॅड असेल तर ॲपलचं स्वतःचं फोटोज पुरतं, एक अँड्रॉइड फोन आणि एक आयपॅड अशी सरमिसळ असेल तर गूगल फोटोज, कारण ते दोन्हीकडे सारखं चालतं. चेहऱ्यावरून माणसं वेगळी करणं दोघांनाही जमतं आणि एकाच मुलाचे तिसऱ्या वर्षीचे आणि दहाव्या वर्षीचे फोटो बऱ्याचदा बरोबर एकत्र येतात, नाव म्हणून "छोटी आत्या" टाकलं तरी चालतं. ज्यांना फोटो नेटवर जायलाच नको आहेत त्यांनी अँड्रॉइडवर फॉसिफाय गॅलरी बघावी, फुकट आहे, जाहिराती नाहीत, फोल्डर जसेच्या तसे दाखवते. पूर्वी सिंपल गॅलरी म्हणून एक चांगलं ॲप होतं, ते २०२३ च्या शेवटी दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं, पण त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता म्हणून लोकांनी तोच घेऊन फॉसिफाय पुढे चालू ठेवलं. माझ्यासाठी ही मोठी जमेची बाजू आहे.

कारण ॲप्स बंद पडतात हो. पिकासा आठवतं का, कॉम्प्युटरवर किती जणांनी वर्षानुवर्षं त्यात अल्बम लावले होते, २०१६ मध्ये गूगलने ते बंद केलं. फोटो फोल्डरमध्ये राहिले पण लावलेली सगळी रचना नव्या जागी जशीच्या तशी आली नाही. म्हणून कुठलंही ॲप घेताना आत जायचा दरवाजा बघतो तसा बाहेर यायचाही बघा. अल्बम म्हणजे खरं फोल्डर आहे की नुसती ॲपच्या आतली यादी? गूगल फोटोजमध्ये ती यादीच असते, म्हणून एकच फोटो चार अल्बममध्ये टाकला तरी जागा वाढत नाही, हे चांगलंच आहे, पण टेकआउटमधून, म्हणजे गूगलच्या सगळं डाउनलोड करायच्या सोयीतून, बाहेर काढलं की फोटो एकीकडे आणि ॲपमध्ये बदललेल्या तारखा, कॅप्शन वगैरे वेगळ्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये, येतात. माहिती असलं की पुढे धक्का बसत नाही.

मी काय करते, सगळे फोटो एकदम कधीच टाकत नाही, आधी पन्नास फोटोंची परीक्षा घेते. पन्नास पण मुद्दाम निवडलेले, थोडे फोनच्या कॅमेऱ्यातले, थोडे आयफोनचे एचईआयसीवाले (जेपेगऐवजी आयफोन वापरतो तो फाइलचा प्रकार), दहा-बारा व्हॉट्सॲपवरून आलेले, पाच स्कॅन केलेले, एक-दोन व्हिडिओ. मग बघायचं की तारखेप्रमाणे नीट लागतायत का. इथे व्हॉट्सॲपवाले हमखास फसतात, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलं की साइज तर कमी होतेच आणि कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख-वेळ पण निघून जाते, मग २०१९ चं बारसं कॉपी करताना आजच्या तारखेला येऊन बसतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात मात्र तारीख असते, आयएमजी-२०१९०५१४-डब्ल्यूए०००७ असं काहीतरी, म्हणजे १४ मे २०१९. तीही फोटो मिळाला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. गूगल फोटोज आणि ॲपल फोटोज दोन्हीत तारीख हाताने बदलता येते. आणि इथून पुढे नातेवाइकांना सांगून ठेवा की महत्त्वाचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

कागदी फोटोंचंही तेच. स्कॅन आज केला म्हणून आई-बाबांच्या लग्नाचा फोटो आजच्या तारखेला दिसतो, तो १९८४ मध्ये नेऊन ठेवा, नक्की दिवस माहीत नसला तरी वर्ष टाका. स्कॅनर नसेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप आहे, त्यात फोटोवर चार ठिपके दिसतात, त्या प्रत्येकावर फोन नेला की ते वेगवेगळ्या कोनातून फोटो घेऊन चकाकी काढून टाकतं. ग्लॉसी फोटोंना याचा फार उपयोग होतो. खिडकीजवळ जमिनीवर फोटो ठेवा आणि ट्यूबलाइट बंद करा, म्हणजे अर्धं काम तिथेच झालं.

एवढं लागलं की मग एडिटिंग. घरच्या वापराला स्नॅपसीड पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ते २०११ मध्ये आधी आयपॅडवरच आलं होतं, निक सॉफ्टवेअरने बनवलेलं, २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली, आणि आजही फुकट, जाहिराती नाहीत, फोटोवर कोपऱ्यात शिक्का मारत नाही. अडोबीचं लाइटरूम जास्त ताकदीचं आहे, कॅमेऱ्याचे रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न करता ठेवलेले, काढत असाल किंवा दोनशे फोटोंना एकसारखा रंग द्यायचा असेल तर तेच घ्या, फक्त त्यातली बरीच कामाची टूल्स पैसे भरल्यावर उघडतात आणि पैसे दर महिन्याचे, त्यामुळे वर्षाचा हिशोब करून मगच. कमी रॅमच्या टॅबवर अशी जड ॲप्स अडखळतात. गूगल फोटोजमधलं मागची माणसं पुसायचं मॅजिक इरेझर २०२४ पासून सगळ्यांना फुकट केलंय, पण त्यालाही निदान ३ जीबी रॅम लागते.

दुसरं कुठलंही एडिटिंग ॲप आवडलं तर त्याला तीन प्रश्न विचारा. मूळ फोटो तसाच राहतो का? सेव्ह केल्यावर पिक्सेल तेवढेच राहतात का, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो आत गेला आणि बाहेर येताना १२८० चा झाला तर छापायला निरुपयोगी. आणि आडवा टॅब धरल्यावर ॲप नीट पसरतं का, की मोबाइलचंच ॲप मध्यभागी उभं राहून दोन्हीकडे काळे पट्टे दिसतात. परवानगी विचारली की सगळे फोटो देऊ नका, आयपॅडवर २०२० च्या आयओएस १४ च्या वेळेपासून आणि अँड्रॉइडवर १४ पासून निवडक फोटोच द्यायची सोय आहे. कॉन्टॅक्ट मागत असेल तर सरळ काढून टाका. सात दिवस फुकट म्हणून वर्षाचे पैसे कापणारी ॲप्स भरपूर आहेत, आणि ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते स्टोअरमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं.

आजीच्या फोटोचं सांगते. पडवीत बसलेली, नऊवारी, पिवळा पडलेला फोटो आणि कपाळापासून गालावर एक बारीक चरा. आधी मी एका "एका टचमध्ये सुंदर" टाइपच्या ॲपमध्ये टाकला, चरा गेला, फोटो चकचकीत झाला, आणि आई बघून म्हणाली, "अगं हिचं गोंदण कुठे गेलं?" हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके त्या ॲपने डाग समजून पुसले होते, सुरकुत्याही गेल्या होत्या, ती आजी राहिलीच नव्हती. मग स्नॅपसीडमध्ये पहिल्यापासून केला. आधी व्हाइट बॅलन्सने पिवळेपणा कमी केला, पूर्ण नाही, थोडा ठेवला. मग ट्यून इमेजमधून शॅडो जरा उचलल्या म्हणजे पडवीतला मागचा कणगा दिसायला लागला. मग हीलिंग, म्हणजे डाग-चरे भरायचं टूल, आणि इथे टॅबचा खरा फायदा कळतो, फोटो भरपूर मोठा करा कारण जितकं झूम कराल तितका ब्रश बारीक चालतो, आणि चरा एका फटक्यात न ओढता छोट्या छोट्या टपक्यांनी भरा. चरा नथीजवळून जात होता, तिथे एकदा मोतीच गायब झाला, मागे घेऊन तेवढा भाग तसाच सोडला. स्टायलस असेल तर हे काम बोटापेक्षा खूप सोपं जातं. सेव्ह करताना एक्सपोर्ट केलं म्हणजे कॉपी वेगळी पडली आणि मूळ स्कॅन तसाच राहिला. आईने दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

एडिट करायच्या आधी टॅबचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा, सॅमसंगवर आय कम्फर्ट शील्ड, आयपॅडवर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन. तो चालू ठेवून रंग सुधारले की सकाळी सगळे फोटो निळे दिसतात.

शेवटचं काम हार्ड डिस्कचं, सगळ्या फोटोंची एक कॉपी तिच्यावर ठेवायची, हाच खरा बॅकअप. टाइप-सी पोर्ट असलेल्या टॅबला हार्ड डिस्क थेट लागते, आयपॅडवर फाइल्स ॲपमध्ये दिसते, अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमध्ये, कधीकधी डिस्कला टॅबमधून पुरेशी पॉवर मिळत नाही तेव्हा पॉवरवाला हब लागतो. पण आयपॅडवर जागा वाचवायचा ऑप्शन चालू असेल तर मूळ फोटो टॅबवर नसतात, फक्त छोटी आवृत्ती असते, आणि गूगलमध्ये जागा मोकळी केली असेल तर टॅबवर काहीच नसतं, अशा वेळी आधी पूर्ण फोटो उतरवून घ्यावे लागतात, किंवा कॉम्प्युटरवरून हे काम केलेलं सोपं. वर्षाप्रमाणे फोल्डर करा, आत महिना आणि प्रसंग, "२०२३-०९ गणपती" असं, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. कॉपी झाल्यावर डिस्क काढायच्या आधी सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन फोटो आणि एक व्हिडिओ डिस्कवरूनच उघडून बघा, उघडले की मग वायर काढा.