चेन्नईला रेस बघायला जायचंय? मग विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा

टीव्हीवर एफवन (फॉर्म्युला वन कार रेस) बघून बघून डोळे गेलेत आणि ती प्रत्यक्ष बघायला सिंगापूरला जायचं बजेट काही जमत नाहीये, असं असेल तर सरळ इरुंगट्टुकोट्टईला जा. नाव पाठ व्हायला दोन दिवस लागतात, पण पुण्यामुंबईहून पोचायला अर्धा दिवस पुरतो. तिथे, चेन्नईच्या अलीकडे, बंगळुरू हायवेवर मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणजे रेसचा ट्रॅक आहे, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, ३.७१७ किमी आणि १२ कॉर्नर म्हणजे वळणं, १९९० पासून चालूय. त्याच्या आधी हीच मंडळी चेन्नईजवळच्या शोलावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर रेस लावायची. एफवन आपल्याकडे दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं आली, तिन्ही वेळा जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन वेटेल जिंकला आणि विषय संपला. इथे मात्र नॅशनल चॅम्पियनशिपच्या बाइक आणि कारच्या राउंड (एकेका वीकेंडच्या फेऱ्या) दरवर्षी होतात आणि तुम्ही रेसरच्या बरेच जवळ उभे असता. बुद्धला एफवन बघितली तेव्हा लोकांना दुर्बीण लागत होती.

आता प्लॅनिंग. ह्यात एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे, ती म्हणजे तारीख. एफएमएससीआय म्हणजे आपली मोटरस्पोर्टची फेडरेशन वर्षाचं कॅलेंडर टाकते, पण ते लग्नाच्या पत्रिकेसारखं पक्कं समजू नका, ते सरकतं. चेन्नईची स्ट्रीट रेस, म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरची, तीच बघा ना, डिसेंबर २०२३ ला ठरली होती, मिचाँग वादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं, आणि शेवटी रेस झाली ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे ज्यांनी डिसेंबरचं नॉन-रिफंडेबल हॉटेल घेतलं होतं त्यांचं काय झालं असेल विचार करा. आणि तिकडचा पाऊस आपल्यासारखा नसतो, आपला पाऊस गेला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाऊ हा आपला लाडका विचार इथे नेमका आपटतो. जून-जुलै-ऑगस्टची राउंड मिळाली तर ती घ्या, गरम होईल पण निदान रेस बघायला मिळेल.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेस म्हणजे रविवार असं डोक्यात धरून शनिवारी रात्रीचं विमान घेतलं. पोचलो तर कळलं की मला जी बघायची होती त्या क्लासची, म्हणजे त्या प्रकारच्या गाड्यांची, एक रेस शनिवारी दुपारीच होऊन गेली, रविवारी फक्त दुसरी. चूक माझीच, टाइमटेबल बघितलंच नव्हतं. साधारण शुक्रवारी प्रॅक्टिस आणि क्वालिफायिंग (रेसला कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्या), शनिवार-रविवार रेस, पण कुठला क्लास कधी हे त्या राउंडचं टाइमटेबल आल्यावरच कळतं. ते येईपर्यंत फक्त ऑफिसात सुट्टी टाकून ठेवा, पैसे टाकू नका. तिकीट, पास, स्टँड उघडा आहे की नाही हेही त्याच वेळी क्लबच्या पेजवर बघा, दर इव्हेंटला वेगळं असतं.

जायचं कसं? विमान सोपं, पुण्याहून पावणेदोन तासाच्या आसपास. ट्रेनने जायचं तर मुंबई-चेन्नई गाड्या पुणे-सोलापूरवरून जातात पण वीसेक तास पकडा, वीकेंड ट्रेनमध्येच जाईल. गाडीने जाणाऱ्यांसाठी गंमत म्हणजे पुण्याच्या वारजे-कात्रजवरून जातो तोच एनएच ४८ कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू करत थेट सर्किटच्या बाजूने जातो, ११५० किमीच्या आसपास, वळायचं काम नाही. पण दोन ड्रायव्हर असतील तरच, आणि सोमवारची सुट्टी असेल तरच.

राहायला चेन्नई शहरात अजिबात नको. सगळे मरिना बीच जवळ हवा म्हणून तिकडे बुक करतात आणि मग सकाळी पूनमल्लीच्या ट्रॅफिकमध्ये क्वालिफायिंग ऐकतात, बघत नाहीत. श्रीपेरुंबुदूरला राहा. तो सगळा कारखान्यांचा पट्टा आहे, ह्युंदाईचा प्लांट इरुंगट्टुकोट्टईलाच आहे, त्यामुळे बिझनेस हॉटेलं भरपूर आणि चक्क कोरियन रेस्टॉरंटंसुद्धा. सर्किटवरून संध्याकाळी अ‍ॅपवाली कॅब पटकन मिळत नाही, सकाळी ज्या गाडीने जाल त्याच ड्रायव्हर अण्णांना परतीचं सांगून ठेवा, नंबर घेऊन ठेवा.

सोबत काय न्यायचं तर टोपी, भरपूर पाणी, सनस्क्रीन आणि कानात घालायचे बोळे. लहान मूल सोबत असेल तर त्याला चांगला इयरमफच घ्या, ह्यात कंजूषी नको. पॉवरबँक कॅमेऱ्यासाठी. पांढरे बूट नकोत.

बघायचं काय हे माझं मत सांगतो. कारमध्ये लोक मोठ्या टुरिंग कारकडे धावतात पण खरी मजा फॉर्म्युला एलजीबी १३०० ची, मारुतीच्या इंजिनवरच्या छोट्या सिंगल-सीटर (एकाच सीटच्या रेसगाड्या), सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या त्यामुळे पाच-सहा जणांचा घोळका एकमेकांच्या मागच्या हवेत चिकटून लॅपमागून लॅप येतो आणि कोण जिंकेल ते शेवटच्या कॉर्नरपर्यंत कळत नाही. बाइकमध्ये टीव्हीएसची वन-मेक, म्हणजे फक्त त्याच कंपनीच्या बाइकची रेस, बघाच. बाइकच्या रेस छोट्या असतात, वडापाव आणायला गेलात तर संपलेली असते (वडापाव मिळणार नाहीच तिथे, दहीभात मिळेल, तो खा, उन्हात तोच बरा). पहिली रेस स्टँडमधून बघा, म्हणजे सुरुवात दिसेल, नंतर जिथे सोडतात तिथे ब्रेक मारतात त्या कॉर्नरकडे जा. सरळ रस्त्यावर नुसतं झूऽम एवढंच दिसतं. मधल्या वेळात पॅडॉकमध्ये (टीम गाड्या तयार करतात तिथे) जायला मिळतंय का विचारा, मेकॅनिक टायर बदलताना बघणं हे अर्ध्या रेसएवढं आहे, फक्त पिटलेनच्या, म्हणजे गाड्या ट्रॅकवरून आत येतात त्या गल्लीच्या, रेघेच्या आत पाय नको आणि हेल्मेट घातलेल्या माणसाला सेल्फीसाठी थांबवू नका, त्याचं डोकं कुठेतरी वेगळीकडे असतं.

आणि लाल झेंडा दिसला, सगळं थांबलं, तर कुरकुर करू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्याच ट्रॅकवर बाइक रेसमध्ये अपघात होऊन एक १३ वर्षांचा मुलगा गेला आणि त्या वीकेंडच्या उरलेल्या रेस रद्द केल्या. अशा वेळी मार्शल (ट्रॅकवर सुरक्षा बघणारी माणसं) जिकडे सांगतील तिकडे गुपचूप व्हायचं, मोबाइल खिशात.

रविवारी शेवटची रेस झाल्यावर बक्षीस समारंभ असतो, त्यात वेळ जातो, म्हणून रात्री उशिराचंच विमान धरा. घरचे रेसला कंटाळणारे असतील तर त्यांना शनिवारी सकाळी कांचीपुरमला पाठवून द्या, श्रीपेरुंबुदूरहून तासाभराचा रस्ता आहे, देवळंही होतील आणि साडीही. साडीचं बजेट मात्र ट्रिपच्या बजेटमध्ये धरू नका, ते वेगळं काढून ठेवा.