बीजगणिताचा पहिला आठवडा: घरी काय तयार ठेवाल

जूनमध्ये शाळा उघडल्या की पंचवटीतल्या माझ्या घरगुती क्लासला सातवीची नवी मुले येतात आणि पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, गाईड कोणते घेऊ?" गाईड राहू द्या. आधी पाढे बघा. बारापर्यंतचे तरी न अडखळता यावेत. समीकरण सोडवताना सात आठे किती यावर मूल थांबले की मूळ गणित डोक्यातून निसटते. अपूर्णांकांची बेरीज एकदा करून घ्या. मग २ + ३ × ४ किती ते विचारा. उत्तर वीस आले, तर क्रियांचा क्रम नुसता पाठ आहे, वापरता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ऋण संख्यांना द्या. माझ्याकडे आठवीत अडकलेली मुले येतात, त्यांचे बहुतेक वेळा इथेच अडलेले असते. नाशिकच्या मुलांना मी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून शिकवते. पूर आला की पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, हे घरोघर बोलले जातेच. कंबर म्हणजे शून्य. पाणी कमरेच्या तीन वीत खाली होते, पाच वीत चढले, आता कुठे? मूल बोट वर नेत सांगते, दोन वीत वर. −३ + ५ = २ हे त्यानंतर लिहायचे. वजा वजा अधिक का होते, यासाठी मात्र पाणी नको, पैसे घ्या. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, ते मालमत्ता आणि कर्ज याच अर्थाने. ताईचे ५० रुपये देणे होते, तिने ते सोडून दिले. म्हणजे तुझ्याकडे ५० रुपये वाढल्यासारखेच ना?

दुसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. ३ × ४ = १२ + ५ = १७ असे वहीत दिसले तर तिथेच थांबवा. हे चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" नव्हे. दोन्ही पारडी समान आहेत, एवढेच ते सांगते. इथे ३ × ४ आणि १७ समान ठरवले गेले. हे पटल्याशिवाय "पलीकडे नेले की चिन्ह बदलते" हा मंत्र कृपा करून घरी शिकवू नका. दोन्ही बाजूंतून तेवढेच काढले, म्हणून ते बदलल्यासारखे दिसते.

आता अक्षर. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या तीन जुड्या आणि १० रुपयांच्या मिरच्या घेतल्या, ५५ रुपये झाले: ३म + १० = ५५. इथे "म म्हणजे मेथी" असे सांगणे सोपे वाटते, पण तेच पुढे नडते. म ही एका जुडीची किंमत आहे, संख्या आहे. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हटले, जेवढे असेल तेवढे. मला हा शब्द फार आवडतो, मुलांनाही लगेच कळतो. म = ४ दिले आणि मुलाने ३म म्हणजे ३४ लिहिले, तर ३म मध्ये गुणाकार लपला आहे हे पुन्हा सांगा.

गृहपाठासाठी एकेरी रेघांची जाड वही पुरे, उजवीकडे कच्च्या कामाला पट्टी आखलेली. एका ओळीत एकच पायरी, बरोबरची चिन्हे एकाखाली एक. शाळेत शिकवलेले त्याच संध्याकाळी, पाचच गणिते, वीस-पंचवीस मिनिटे. रविवारी तीस गणितांचा ढीग नको. शेवटी ताळा. म = १५ आले तर ३ × १५ + १० करून ५५ येतात का ते मुलानेच बघायचे. पालकांना गणित येत नसले तरी "ताळा केलास का?" एवढे विचारता येते.

खोडरबर दप्तरात ठेवू नका. चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ मारून खाली पुन्हा लिहू द्या. कुठल्या पायरीला घसरले ते मला दुसऱ्या दिवशी बघायचे असते.