शिलावर्तुळाची नोंद कशी घ्यावी: जुनापाणीचं उदाहरण

नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीत सुमारे 300 शिलावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले मोठे दगड, आहेत. ही लोहयुगातली, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने यातली काही उकरली, 1961-62मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तीन. तुम्ही मात्र उकरायचं नाही, फक्त नोंद घ्यायची.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात गवत दगड गिळतं आणि काळी माती बुटाला चिकटते. 30 मीटरचा टेप, होकायंत्र, आलेखाचा कागद आणि दोन माणसं एवढं पुरे.

आधी खात्री करा. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) वेचून टाकलेल्या दगडांचा ढीगही लांबून वर्तुळासारखा दिसतो. खऱ्या वर्तुळात मोठे दगड कडेने बसवलेले असतात आणि आतला भराव सहसा थोडा उंचावलेला.

वर्तुळ पूर्ण असेल तर एकमेकांना छेदणारे चार व्यास मोजा. दगडाच्या आतल्या कडेपासून की बाहेरच्या, ते आधी ठरवा आणि वहीत लिहा. ही एक ओळ राहिली की नंतर कुणाचीच मापं जुळत नाहीत. अर्धे दगड गेले असतील तर कमानीच्या दोन टोकांमध्ये टेप ताणा (ही जीवा) आणि तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची काटकोनात घ्या. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागा, त्यात उंचीचा निम्मा भाग मिळवा, की त्रिज्या आली. जीवा 8 मीटर, उंची 1 मीटर, तर त्रिज्या 8.5. पण इथे उंची 10 सेंटिमीटरने कमी मोजली तर त्रिज्या थेट 9.3 येते. म्हणून जमेल तेवढी लांब जीवा घ्या.

होकायंत्र दगडावर ठेवू नका. बेसाल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या दगडात, लोहखनिज असतं, काटा भरकटतो. फोनमधल्या होकायंत्राचंही तेच. दोन-तीन मीटर दूर उभं राहून दिशा घ्या.

काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत. दुपारी ते दिसतही नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, तिरप्या उजेडात फोटो काढा. बेसाल्टला वायूच्या बुडबुड्यांची नैसर्गिक छिद्रंही असतात, ती कशीही विखुरलेली. कोरलेले खळगे बहुधा ओळीत, सारख्या अंतराने येतात. ठळक दिसावेत म्हणून खडू फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी वर्तुळाबाहेर या. जवळचा नाला कुठे, जमीन मुरमाड की कसदार, शेजारचं वर्तुळ किती पावलांवर, हे लिहा. नागपूरच्याच दक्षिणेला टाकळघाटला वस्ती आणि खापा इथे दफनं, अशी जोडी सापडली आहे. त्यामुळे नाल्याकाठच्या शेतात काळी-तांबडी खापरं दिसली तर ती जुन्या वस्तीची खूण असू शकते; जागा नकाशावर टिपा आणि खापर तिथेच राहू द्या.